शाडूचं अंतराळस्थानक

या, बसा. मी एक अंतराळस्थानक बोलतोय. दचकू नका. माझ्यापासून आता कुणाच्या डोक्याला धोका नाही.

खरं स्थानक, रशियाचं मीर, वर आभाळात आहे. मी त्याचं पेणचं भावंड. ते धातूचं, मी शाडूच्या मातीचा, बांबूचा, गोणपाटाचा आणि गव्हाच्या पिठाच्या खळीचा. सात वर्षं मी रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीत, पुंडलिकशेठच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात आढ्याला टांगलेला होतो. अगदी गल्ल्याच्या डोक्यावर. एवढी वर्षं दुकानात काढली की दुकानदाराची जीभ लागते. आलेल्याला आधी बसवायचं, मग बोलायचं, आणि बोलता बोलता चार जुन्या गोष्टी काढायच्या. तेव्हा माझं बोलणं पसरट वाटलं तर चालवून घ्या.

माझा जन्म ब्याण्णव सालचा, पेणच्या रामवाडीतला. त्या वर्षी अष्टमीच्या मंडळाला गणपतीपुढे काहीतरी नवीन देखावा हवा होता. शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले माधवराव मास्तर म्हणाले, "मीर दाखवू या. वर गेलेला माणूस परत येईपर्यंत खाली त्याच्या देशाचं नावच बदललं. यापेक्षा मोठा देखावा कुठला?" मंडळाचे चिटणीस पुंडलिकशेठ. शिक्षण सातवी, पण पुड्या बांधायच्या रद्दीतला प्रत्येक कागद बांधण्याआधी वाचणारे. त्यांना ही कल्पना अशी पटली की दुसऱ्याच दिवशी मास्तरांना घेऊन ते पेणला निघाले.

रामवाडीत कान्हू म्हात्रेचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, मातीचा हौद आणि गणपतींच्या रांगा. कान्हूचे वडील मिठागरावर राबले. कान्हूचा हात मात्र पोरवयातच रंगावर बसला. तेहतीस वर्षं तो आखणी करत होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि सगळ्यांना जमत नाही. दुसऱ्या कारखान्यांतली माणसंसुद्धा अडलेल्या मूर्ती हातगाडीवर घालून कान्हूकडे आणायची.

मास्तरांनी त्याच्यापुढे चित्र ठेवलं. कान्हूनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजी स्कायलॅबसारखा?" तो म्हणाला. "शेठ, तो पडनार बोलत व्हते त्या साली आमच्या आळीनं दोन दिसांत सगळ्या कोंबड्या खाल्ल्या. मरायचाच हाय तर कोनासाठी ठेवायच्या? आनि तो मेला पडला भलतीकडंच! वरीसभर अंडा दिसला नाय आळीत. तवा आधी सांगा, ह्यो पडनार नाय ना?"

"नाही रे बाबा," मास्तर हसले. "यात माणसं राहतात."

"मंग करू," कान्हू म्हणाला.

माझी माती मळली धोंडुबाईनं, कान्हूच्या बायकोनं. कारखान्यातली सगळी माती तीच मळायची. हौदात उतरून आधी पायानं, मग पाटावर हातानं. कान्हू आखणी करतो हे तालुक्याला माहीत होतं. माती कोण मळतं, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

बांबूचा सांगाडा झाला, त्यावर गोणपाट, त्यावर खळ आणि माती. खळीला कसर, म्हणजे बारीक किडा, लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. पण कान्हूच्या कारखान्यात तो घालत नसत. दहा दिवसांची तर वस्तू, शेवटी नदीत जायची, माशांना बाधायचं, असा हिशोब. मी पण नदीतच जाणार, हे कान्हूनं गृहीत धरलं होतं. हा किती दिवस टिकेल, असं त्याला मास्तरांनी विचारलं नाही, शेठनी विचारलं नाही. कान्हूच्या मनात तर हा प्रश्न येणंच शक्य नव्हतं. आयुष्यात त्यानं टिकणारी वस्तू केलीच नव्हती.

बाकीही गंमत झाली. चित्रात मधे सरळ नळकांडं होतं आणि दोन बाजूंना पंखांसारख्या सौरपट्ट्या. कान्हूच्या हाताला सरळ पोट ठाऊक नाही. त्यामुळे माझं मधे जरा सुटलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दुसरंच.

रंग झाला. मला गोल खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीत कान्हूनं पांढरा भरला, तो सुकला, आणि त्याचा हात आपोआप बारीक ब्रशकडे गेला. मन कुठेतरी दुसरीकडे असणार. काळी कड ओढली, बुबुळ बसवलं, पापणीला बाक दिला, कोपऱ्यात गुलाबी छटा सोडली. एका दमात. आणि मला दिसायला लागलं.

मी पहिल्यांदा पाहिलं ते कान्हूचं तोंड. ते पडलेलं होतं.

"अगो, इकडं ये! बग काय करून बसलो!"

धोंडुबाई मातीच्या हातांनीच आली.

"ओला फडका दे. पुसतो. चुकलेला डोळा पुसायचा असतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वर जानार ना ह्यो? खालचा बगायला एक डोळा नको काय?"

"नि एकदा डोळा आखला की माती ऱ्हात नाय. फोडायची नाय, पान्यातच सोडायची. ठाव हाय ना?"

"कोन फोडतंय त्याला? ऱ्हाऊ द्या बोलले ना."

कान्हूनं ब्रश खाली ठेवला. बाकीच्या खिडक्या त्यानं निळ्या रंगवल्या, आणि त्या रंगवताना स्वतःचा डावा हात उजव्या मनगटावर धरून ठेवला, परत चूक नको म्हणून.

देखावा गाजला. मास्तरांच्या आवाजातली कॅसेट वाजायची, मी हळूहळू फिरायचो, आणि डोळा बायकांच्या बाजूला आला की हशा व्हायचा. अकराव्या दिवशी मूर्ती निघाली. मंडळाची माणसं मलाही खांद्यावर घ्यायला लागली. पुंडलिकशेठ आडवे आले.

"देव पाण्यात जातो. हा काय देव आहे? माझ्या दुकानात टांगा. गिऱ्हाईक बघायला येईल."

माणूस धोरणी. गिऱ्हाईक आलंच. महिन्याभरात लोक त्यांना 'विमानवाले शेठ' म्हणायला लागले. जून उजाडला की पालकांची रांग लागायची. वह्यांवर घासाघीस करताना माणूस कितीही तापलेला असो, एकदा मान वर करून माझ्याकडे पाहायचाच. मग बरोबरच्या पोराला माझ्याबद्दल काहीतरी चुकीचं सांगायचा. कुणी मला उपग्रह म्हणे, कुणी रॉकेट. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या एकानं तर ठामपणे सांगितलं की हा आमच्या प्लँटचा बॉयलर. शेठ कुणाला दुरुस्त करत नसत. "ज्ञान वाढवायला वही घ्यावी लागते," एवढंच म्हणत.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात कान्हू गेला. छातीत कळ आली, आणि कारखान्यातच, ब्रश हातात असताना संपलं.

त्या वर्षी पितृपक्षात, कान्हूचं पान ठेवून झाल्यावर, धोंडुबाई पॅसेंजरनं एकटी रोह्याला आली आणि विचारत विचारत दुकानात पोचली. हातात पेणच्या पोह्यांची पिशवी. शेठनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. वर बघत उभी राहिली.

"शेठ," ती म्हणाली, "पस्तीस वर्सं त्यानं डोळे आखले. आखले तेवढे सगळे पान्यात गेले. घरात त्याचा एक फोटो हाय, तो पन लग्नातला, पुसलेला. त्याच्या हातचा असा काय म्हनून दाखवायला ह्यो एकच उरलाय दुनियेत."

शेठनी हातातली वही खाली ठेवली. मग म्हणाले, "धोंडुबाई, तुम्हाला विचारल्याशिवाय याला हात लावणार नाही. शब्द आहे."

तेव्हापासून दरवर्षी ती पितृपक्षात यायची. गणपतीचं काम उरकलेलं, कारखाना रिकामा, हात मोकळे. दहा मिनिटं माझ्या डोळ्याकडे बघायची, चहा प्यायची, आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. कारखाना आता तिचा मुलगा प्रविण बघत होता. त्यानं शाडू सोडून प्लास्टरचे साचे आणले होते. माती मळायचं काम उरलं नव्हतं. हौद कोरडा पडला होता आणि त्यात रंगाचे रिकामे डबे टाकत. हे तिनं एकदा चहा पिताना सांगितलं, जसं कुणी पावसापाण्याचं सांगावं तसं.

मी मात्र म्हातारा होत होतो.

मोरचूद नसलेली खळ. तिला कसर लागली. रात्रंदिवस माझ्या अंगात बारीक कुरकुर चालायची. पावसाळ्यात ओल धरायची, पोटाला बुरशीचे डाग पडायचे. एका गांधीलमाशीनं माझ्या पंखाच्या सांध्यात मातीचं घर बांधलं, आणि खरं सांगतो, तिचं बांधकाम माझ्यापेक्षा मजबूत होतं. शेठ दर दिवाळीला शिडी लावून भेगांवर चिकटपट्टी मारायचे. लांबून मी दाढी करताना कापलेल्या माणसासारखा दिसायचो.

वरच्याचंही तेच चाललं होतं. त्याच्या बातम्या शेठ कापून माझ्याखाली टाचणीनं लावत. त्यात आग लागली. मग दुसरं यान येऊन धडकलं. आत बुरशी वाढते म्हणे. पाच वर्षांच्या हिशोबानं पाठवलेलं, तेरा वर्षं झाली. कात्रणं वाचली जायची तेव्हा मी कान देऊन ऐकायचो. घरातल्या थोरल्याचं दुखणं आपण ऐकतो तसं.

नव्व्याण्णवच्या ऑगस्टअखेर त्यातली माणसं खाली उतरली. वर रिकामं स्थानक फिरत राहिलं.

गणपती होऊन चार दिवस झाले होते. माधवराव मास्तर रोज सकाळी दुकानात येऊन माझ्याखालच्या स्टुलावर बसायचे आणि शेठचा पेपर फुकट वाचायचे. त्या दिवशी एक बातमी त्यांना नीट दिसेना म्हणून ते उजेडाकडे, पायरीवर गेले.

"शेठ, ऐका. त्या मीरचं काय करायचं यावर खल चाललाय. आणखी वर ढकलून तिथंच सोडावं, असं काहींचं म्हणणं. कुणी म्हणतं भाड्यानं द्यावं. पण बहुतेक समुद्रात पाडणार. जिथून जहाजंही जात नाहीत अशा जागी."

तेवढ्यात माझा डावा पंख सुटला.

तो स्टुलावर पडला. स्टुलाचा एक पाय मोडला, काउंटरची काच तडकली, आणि दुकानभर मातीची धूळ उडाली. मास्तर पायरीवर पेपर हातात घेऊन उभेच राहिले.

शेठनी आधी मास्तरांना पाणी दिलं. मग मोडक्या स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आणि मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो: मला शेठची भीती वाटली नाही, माझी स्वतःची वाटली. ज्याच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा निघालं, त्याच्याच डोक्यावर मी पडलो असतो.

संध्याकाळी शेठनी रामवाडीला पोस्टकार्ड टाकलं. 'वस्तू धोक्याची झाली आहे. उतरवावी लागेल. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही, पण लवकर यावे.'

धोंडुबाई आली ती प्रविणला घेऊन, टेम्पोतून. ठरवूनच आली होती. पायरी चढतानाच म्हणाली, "शेठ, मी त्याला घरी न्यायला आलेय. कारखान्यात टांगीन. माज्या डोक्यावर पडला तरी चालंल."

दुकानात त्या वेळी हैबतराव बसले होते. हायवेवर त्यांचं बागेचं हॉटेल होतं. मी उतरणार ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि मला हॉटेलच्या गच्चीवर बसवायचा त्यांचा बेत होता.

"बाई, घरी नेऊन काय होणार? वर्षभरात भुगा होईल," ते म्हणाले. "माझ्याकडे द्या. वरून फायबरचा जाड थर चढवतो. पन्नास वर्षं हलणार नाही. पाऊस पडो, काही होवो. खाली पाटी लावू, कान्हू म्हात्रे, पेण. येणारा-जाणारा बघेल."

धोंडुबाई थांबली. नाव लागणार हे तिला भावलं असावं. "आनि डोळा?"

"डोळा थराखाली जाणार. पण वरून आमचा पेंटर दुसरा काढील ना! डिट्टो तसाच."

"मंग पाटीवर तुमच्या पेंटरचा नाव लावा," धोंडुबाई म्हणाली.

प्रविण खाली बघून हसला. हैबतरावही हसले, मनाचे मोकळे होते. मास्तर म्हणाले, "दुसरा एक मार्ग आहे, धोंडुबाई. तेवढी डोळ्याची चकती कापून घेऊ. काचेच्या चौकटीत बसवू. घरात भिंतीवर राहील. बाकीचं जाऊ दे."

"मास्तर, तुमी शिकलेले मानूस. मेलेल्याचा एक डोळा काढून कोन भिंतीवर लावतो का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग धोंडुबाईनंच विचारलं, "त्या वरच्याचा काय करनार?"

मास्तरांनी पुन्हा सगळं सांगितलं. वर ढकलणं, खाली पाडणं, समुद्र.

"ज्यांनी बनवला ते काय बोलतात?"

मास्तर विचारात पडले. "खरं सांगू? ते काही माझ्या वाचनात आलं नाही. सरकार काय म्हणतं ते येतं, खर्च किती ते येतं. बनवणाऱ्यांना कुणी विचारलं असेल की नाही, देव जाणे."

"मंग उतरवा ह्याला," धोंडुबाई म्हणाली. "मना हात लावून बगू दे."

प्रविण आणि शेठ शिडीवर चढले. दोर सुटले आणि मला दुकानाच्या फरशीवर आडवं ठेवलं. सात वर्षांनी जमिनीला अंग टेकलं. धोंडुबाई माझ्याजवळ बसली. मला वाटलं, आता ती डोळ्यावर हात फिरवेल. तिनं तिकडे पाहिलंच नाही. पंख तुटला होता तिथल्या भगदाडात तिनं हात घातला. आत कोपरापर्यंत. चिमूटभर माती काढली, बोटांत चुरली, हुंगली. कणभर जिभेवरही ठेवली. मग दुसऱ्या बाजूनं, मग पोटाजवळ. वैद्यानं नाडी बघावी तशी.

"खळ संपलीय," ती म्हणाली. "सगळी खाल्ली किड्यांनी. धरून ठेवनारा काय ऱ्हायला नाय ह्याच्यात. घरी नेला तरी पडनार, गच्चीवर नेला तरी आतून पडनार."

प्रविण हळूच म्हणाला, "मंग आये, गेलाच म्हनायचा ना?"

"खळ गेली बोलले मी. माती कुठं गेली?" तिनं मूठ उघडून पुढे केली. "ही बग. कालच आनल्यासारखी. शाडू कदी मरत नाय. भिजवली की उठते."

"तुम्हाला बरं इतकं कळतं हातानं!" हैबतराव म्हणाले.

"माजीच माती ही. मी मळलेली. त्याच्या हातचे सगळे गनपती माज्या मातीचे." ती सहज बोलली. शेठनी तिच्याकडे नव्यानं पाहिलं. सात वर्षं ते गिऱ्हाइकांना कान्हूची गोष्ट सांगत आले होते. या बाईला ते फक्त स्टूल देत आले होते.

"नेते मी ह्याला," धोंडुबाई उठली. "टांगायला नाय. हौदात घालायला."

प्रविणचा चेहरा उतरला. "आये, त्याला डोळा आखलाय. बाबा बोलायचे, डोळा आखलेला फोडायचा नाय."

तिनं पदरानं हात पुसले आणि टेम्पोकडे गेली. शेठ मागोमाग आले. काहीतरी द्यावं म्हणून इकडेतिकडे बघत होते. शेवटी त्यांनी माझ्याखाली टाचलेली सगळी कात्रणं काढली, घडी घातली आणि तिच्या हातात ठेवली.

"वाचता येत नाय मना, शेठ."

"प्रविण वाचून दाखवील. वरच्याचं काय होतं ते... कळत राहिलं पाहिजे तुम्हाला."

टेम्पो पुलावरून निघाला. कुंडलिका नदी मी तेव्हा पहिल्यांदा दिवसाउजेडी पाहिली. तिच्यात जायचं म्हणूनच मला केला होता, आणि मी तिच्यावरून कोरडा चाललो होतो. धोंडुबाई माझ्याजवळ मागे बसली होती, एक हात माझ्या अंगावर ठेवून. नागोठणं गेलं, वडखळ गेलं.

रामवाडीत पोचल्यावर तिनं हौदातले डबे काढायला लावले. हौद घासला. स्वतः पाणी भरलं. मग कळशीत फडका बुडवून पिळला आणि माझ्यापुढे बसली.

प्रविण दारात उभा होता.

"फोडत नाय मी," ती त्याला म्हणाली. "तुजा बाप पुसत होता, मी पुसू दिला नाय. माजा हट. एवढा सुंदर डोळा, म्हटला ऱ्हाऊ दे." फडका तिच्या मांडीवर होता आणि त्यातून पाणी गळत होतं. "पाच वर्सं मी ह्याच्याकडं बगतेय रे. दर वेळी वाटायचा, तोच बगतो. गाडीत बसले की कळायचा, नाय तो. तो असता तर बोलला असता, काय गो, माती का सुकवून ठेवलीस एवढी?"

प्रविण आत आला आणि आईशेजारी खाली बसला.

मी तिला अगदी जवळून पाहत होतो. पिकलेले केस, कपाळावर काही नाही, आणि हात मात्र तसेच, नखांच्या कडेला माझीच माती. तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फडका उचलला.

गारवा लागला. आधी कोपऱ्यातली गुलाबी छटा गेली, मग पापणी. बुबुळ जायला वेळ लागला. तिचा हात थांबला नाही. सगळ्यात शेवटी मला दिसलं ते तिचं तोंड. ती रडत होती, आणि ज्या गतीनं पुसायला हवं त्याच गतीनं पुसत होती, घाईही नाही, हळूही नाही. कारागिराची बायको नव्हे, कारागीर.

त्यानंतर मला दिसत नाही. ऐकू येतं, आणि अंगाला कळतं.

मला न फोडता, सगळाच्या सगळा त्यांनी हौदात उतरवला. आता दोन दिवस मी भिजतोय. गोणपाट सुटून वर आलं, ते प्रविणनं काढलं. बांबू काढले. कसर तरंगली, ती पाण्याबरोबर गेली. पोट कधीच विरघळलं. ज्याला स्थानक म्हणावं असं माझ्यात काही उरलेलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याचं फारसं दुःखही नाही.

या मातीचं ती काय करणार, ते तिनं सांगितलेलं नाही. काल प्रविणनं विचारलं. "आदी मळू तर दे," एवढंच म्हणाली.

वरच्याचा निर्णय अजून व्हायचाय म्हणे. प्रविण कात्रणं वाचून दाखवतो, तेव्हा मीही ऐकतो. तुमच्यापैकी कुणाचं त्या मोठ्या लोकांत वजन असेल तर माझं एक मागणं पोचवा. समुद्रात सोडा, वर ढकला, काय करायचं ते करा. थकलेली वस्तू कुठल्याही निकालाला तयार असते. फक्त त्याआधी त्याला बनवणाऱ्यांना बोलवा. टेबलावर बसणाऱ्यांना नव्हे. ज्यांनी त्याचे सांधे जोडले, ज्यांच्या नखांत त्याचा कीस अडकलाय, त्यांना. ते इतक्या लांबवर हात लावू शकणार नाहीत, कबूल. पण काय गेलं आणि काय अजून जिवंत आहे, ते त्यांना विचारा. मग जे ते म्हणतील ते त्याला सोसेल. मला सोसलं.

आता जरा मागे सरा. पायावर पाणी उडेल. धोंडुबाईनं पाय धुतल्याचं ऐकलं, लुगडं खोचल्याची सळसळही. हौदाच्या कठड्यावर तिचा हात टेकल्याचा आवाज आला. एक पाय आत आला. गार आहे. मग दुसरा. पाच वर्षं झाली, पण भार कुठे द्यायचा ते तिचा पाय विसरलेला नाही.

आता बोलणं पुरे. मला मऊ व्हायचंय.